दोन भुली

परभणीचा पोरगा होस्टेलवर राहायला आला की पहिल्या आठवड्यातच त्याला दोन म्हणी ऐकाव्या लागतात. एक, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. दुसरी, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. पहिली इतरांनी आपल्याला चिडवायला वापरायची, दुसरी आपण छाती पुढं काढून ऐकवायची. पण जर्मनीचा आणि परभणीचा संबंध काय, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी मात्र माझ्यापुरता तो संबंध लागला. पाठीच्या मणक्यांत सुई घालून अर्धं शरीर बधिर करायचं आणि त्यावर ऑपरेशन करायचं, ही युक्ती पहिल्यांदा जमली ती जर्मनीत. कील नावाच्या गावी, १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात, आणि करणाऱ्या सर्जनचं नावही ऑगस्टच, ऑगस्ट बिअर! त्याच युक्तीची धाकटी बहीण म्हणजे एपिड्युरल. ही एपिड्युरल आणि वरून पूर्ण भूल, अशा दोन्ही एकत्र दिलेल्या असताना परभणीतल्या एका दवाखान्यात माझ्या वडिलांचं हृदय थांबलं. नऊ सेकंद.

आबा आज ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही शेवटचं पान आधी बघाल.

आबांचं वय एकसष्ट. जिंतूर तालुक्यात शेती, कापूस आणि सोयाबीन. बीपीची एक गोळी रोजची, बाकी तक्रार कसली नाही. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. माझी सबमिशन्स चालू होती, ती तशीच टाकून रात्री देवगिरी पकडली आणि सकाळी परभणीत उतरलो. आदल्या दिवशी आबांना पोट साफ करायचं औषध दिलेलं होतं. ते रात्रभर संडासात ये-जा करून पार गळून गेले होते. भूल देणाऱ्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं होतं की पाठीत एक बारीक नळी बसवू, तिच्यातून बधिर करायचं औषध देऊ आणि शिवाय पूर्ण झोपवू. धोके सांगितले, सही घेतली. सही करताना धोके कोण ऐकतं? आपण फक्त पेन कुठं टेकवायचा ते बघत असतो.

आबांना आत नेलं आणि पाऊण तासात मॅडम बाहेर आल्या. ऑपरेशन तीन तासांचं सांगितलेलं, त्यामुळं त्यांना बघूनच आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मॅडम सरळ म्हणाल्या, "ऑपरेशन सुरूच केलेलं नाही. भूल दिल्यावर बीपी फार खाली गेला, नाडी मंदावत गेली आणि हृदय थोडा वेळ थांबलं. आम्ही छातीवर दाब दिला, औषधं दिली, ते चालू झालं. आता बीपी चांगला आहे, ते शुद्धीवर येतायत. पण आज ऑपरेशन करणार नाही."

गावाकडून जीप भरून माणसं आली होती. कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला जाब विचारू, दुसरा कुठल्याशा पुढाऱ्याला फोन लावायला लागला. आमचे नाना, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, मॅडमच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. "एका भुलीनं भागत नव्हतं का? दोन-दोन भुली कामून देल्या?"

प्रश्न रागानं विचारलेला होता, पण होता बरोबर. मलाही तोच पडला होता. मॅडम निघून गेल्या असत्या तर त्या दिवशी तिथं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. त्या गेल्या नाहीत. बाकावर आमच्या शेजारी बसल्या. मी काय शिकतो ते विचारलं. इन्स्ट्रुमेंटेशन म्हटल्यावर त्यांनी केसपेपरची कोरी बाजू वर केली आणि म्हणाल्या, "मग तुला सोपं जाईल. तू यांना समजावून सांग."

मित्रहो, कंट्रोल सिस्टीम्सच्या व्हायवात मला क्लोज्ड लूपची आकृती कधी धड काढता आली नव्हती. ती मॅडमनी काढली. रक्तदाब हा क्लोज्ड लूप आहे. सेन्सर मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत. कंट्रोलर मेंदूच्या खालच्या टोकाला. आणि कंट्रोलरपासून हृदयापर्यंत दोन वेगळ्या वायरी येतात. एक मणक्यांतून खाली उतरते आणि छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर बाहेर पडून हृदयाला 'पळ' म्हणते. हिच्याच खालच्या फांद्या पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतात. दुसरी वायर व्हेगस नावाची. ती थेट कवटीतून खाली येते, मणक्यांच्या वाटेला जातच नाही. तिचं काम 'हळू' म्हणायचं. आता मणक्यांच्या कालव्यात बधिर करायचं औषध घातलं की काय होईल? वेदना वर नेणाऱ्या नसा बंद होतात, ते तर हवंच असतं. पण त्याच पट्ट्यात 'पळ'वाली वायरही सापडते. म्हणजे ॲक्सिलरेटर गेला आणि ब्रेक आहे तसाच राहिला!

त्यात रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्त तेवढंच, पण भांडं एकदम मोठं झालं. रक्त पोटात आणि पायांत साचून राहतं, हृदयाकडं परत येत नाही. रिकाम्या हृदयानं जोरात धावायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते धावतंही. पण कधी कधी त्या अपुऱ्या भरलेल्या कप्प्यातून उलटाच निरोप वर जातो आणि व्हेगस आणखी ब्रेक दाबते. या प्रतिक्रियेला बेझोल्ड आणि यारिश या दोघांची नावं आहेत. नाडी साठ, पन्नास, चाळीस... आणि मग सरळ रेघ.

मी हे नानांना सांगायला लागलो. सेन्सर, कंट्रोलर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग म्हटलं, नाना, मोटार चांगली आहे, पण विहिरीत पाणीच नाही. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी मोटार कोरडी चालली म्हण की." आणि जीपमधल्या माणसांकडं वळून त्यांनी हेच वाक्य जरा मोठ्यानं सांगितलं. फोन लावणाऱ्यानं फोन खिशात ठेवला. आमच्या भागात उन्हाळ्यात कोरडी मोटार कुणी बघितली नाही असा माणूस नाही.

पण नानांचा मूळ प्रश्न शिल्लकच होता. दोन कशाला?

पोटावर वरपासून खालपर्यंत मोठा छेद घेतला की खरी परीक्षा नंतरच्या तीन-चार दिवसांत असते. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. पाठीतल्या नळीतून थोडं थोडं औषध चालू ठेवलं की तो उठून बसतो, खोकतो. पण एवढ्या मोठ्या ऑपरेशनला पोटातले स्नायू सैल हवेत, श्वास मशीनवर हवा, म्हणून पूर्ण भूलही लागते. नळी आहे म्हणून पूर्ण भुलीची औषधंही कमी पुरतात. हे सगळं मी नंतर लायब्ररीत बसून वाचून काढलं. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेला एक मोठा अभ्यास आला होता. धोक्याचे ९१५ रुग्ण, मोठी ऑपरेशनं, निम्म्यांना एपिड्युरलसह भूल, निम्म्यांना तिच्याशिवाय. मृत्यूंच्या आकड्यात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. पण नळीवाल्यांना वेदना कमी झाल्या आणि श्वासाची गंभीर अडचणही कमी जणांना आली. म्हणजे दोन भुली ही चैन नाही आणि चमत्कारही नाही. त्यातून काय मिळतं आणि त्यापायी काय मोजावं लागतं, हे प्रत्येक माणसामागं वेगळं मांडावं लागतं.

मोजावं काय लागतं ते आबांच्या बाबतीत असं दिसलं. एपिड्युरलनं वाहिन्या सैल केल्या. झोपवायच्या औषधानं त्या आणखी सैल केल्या आणि कंट्रोलरही मंद केला. मशीनचा श्वास छातीत दाबानं हवा भरतो, त्यानं परत येणारं रक्त अडतं. रात्रभराच्या जुलाबानं शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं, सलाईन लावूनही ते पूर्ण भरून निघालं नव्हतं. बीपीची गोळी नाडी संथ ठेवणारी, ती बंद करायचीही नसते, कारण अचानक बंद केली तर वेगळा धोका. यातली एकेक गोष्ट एकटी आली असती तर मॉनिटरवर चार आकडे हलले असते, बस. सगळ्या एकाच पाच मिनिटांत आल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला नंतर सुचली. नुसती पाठीतली भूल असती तर माणूस जागा असतो. "गरगरतंय, मळमळतंय" असं तो सांगतो. ते सांगणं हाच एक सेन्सर आहे. पूर्ण भुलीत तो सेन्सर बंद. मग फक्त मॉनिटर आणि मॉनिटरकडं बघणारं माणूस, एवढंच उरतं.

दवाखान्यात आबांच्या उशाशी रात्र काढताना माझ्या डोक्यात दुसरीच एक शंका होती. औषध चुकून रक्तात तर गेलं नसेल? दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. हे औषध, ब्युपिव्हाकेन, थेट शिरेत गेलं तर हृदयाला घट्ट धरून ठेवतं आणि मग हृदय चालू करणं फार अवघड जातं. १९७९ साली ऑलब्राइट नावाच्या डॉक्टरनं याकडं पहिल्यांदा जोरात लक्ष वेधलं. त्यावर उतारा कित्येक वर्षं नव्हता. १९९८ मध्ये वाइनबर्ग यांना उंदरांवरच्या प्रयोगात तो सापडला, आणि कसला म्हणाल तर चक्क तेलाचं पांढरं सलाईन! तोंडानं जेवू न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून देतात तेच. तेल ते औषध ओढून घेतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णावर ते पहिल्यांदा वापरल्याचं छापून आलं. मॅडमनी थिएटरच्या कपाटातली ती बाटली मला दाराबाहेरूनच दाखवली. आबांच्या बाबतीत आधी थोडं औषध देऊन नळी जागेवर असल्याची चाचणी झाली होती, आणि हृदय लगेच सावरलं, त्यामुळं ती शंका मिटली.

आता जर्मनीकडं एकदा जाऊन येतो. बिअरनं आधी रुग्णांवर आणि मग स्वतःवर व आपल्या मदतनिसावर, हिल्डेब्रांटवर, प्रयोग केले. औषध कोकेन. बिचाऱ्या हिल्डेब्रांटचे पाय बधिर झाल्यावर बिअरनं त्याच्या नडगीवर हातोडी मारून बघितली, जळती सिगार टेकवून बघितली. दुखलं नाही. नंतर दोघांनी वाइन घेऊन आनंद साजरा केला आणि पुढचे कित्येक दिवस बिअर डोकेदुखीनं आडवा. आपल्या होस्टेलवरचे प्रयोग यापुढं काहीच नाहीत.

पण मला जास्त भिडली ती गोष्ट जर्मनीची नाही, हैदराबादची. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, हे आपल्याला झेंडावंदनामुळं पाठ असतं. त्याच निजामाच्या राजधानीत, भुलीनं हृदय थांबतं का, या एका प्रश्नावर सगळ्या जगाचं लक्ष लागलेलं होतं, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्ममुळं दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला, आधी काय थांबतं, श्वास की हृदय? हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो, नाडी बघत बसू नका, श्वास बघा. १८८८ साली एक कमिशन झालं. त्यावर टीका झाली म्हणून १८८९ साली दुसरं झालं. त्याचा खर्च निजाम महबूब अली खान यांनी उचलला आणि लंडनच्या 'लॅन्सेट'नं लॉडर ब्रंटन यांना मुद्दाम हैदराबादला धाडलं. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं लागला.

आणि तो अर्धाच खरा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच हृदय अचानक थरथरायला लागून थांबू शकतं, श्वासाची वाट न बघता. मला लॉरींचा राग येत नाही. श्वास बघा म्हणणं चूक नव्हतं, त्यानं माणसं वाचलीही असतील. फक्त 'नाडी बघू नका' हे म्हणायला नको होतं. एक मीटर झाकून दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा, हे आपल्या लॅबमध्येही चालत नाही. त्याच हैदराबादेत, त्याच काळात रूपाबाई फरदूनजी नावाची एक पारशी बाई क्लोरोफॉर्म द्यायला शिकली आणि देत राहिली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मॅडम आठवल्या.

आणखी एक गोष्ट खास आपल्या इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी. छाती न उघडता नुसत्या हातांनी दाब देऊन हृदय चालवता येतं, हे सिद्ध करणाऱ्या तिघांत दोघं डॉक्टर नव्हतेच. विल्यम कोवेनहोवन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, विजेच्या धक्क्यानं हृदय का थांबतं ते शोधत होते. त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर कुत्र्याच्या छातीवर शॉक द्यायची जड तबकडी दाबत असताना त्याच्या लक्षात आलं की नुसत्या दाबानंच रक्तदाबाची रेघ वर उडते. जेम्स ज्यूड हे सर्जन तिसरे. १९६० साली तिघांचा लेख आला. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत भुलीमुळंच हृदय थांबलेली एक स्त्री होती आणि ती वाचली. कोविडनंतर घरोघरी पोचलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरच्या डोक्यातून १९७०च्या दशकात निघाला. तो वेगळंच काही मोजत होता आणि नाडीच्या ठोक्यांचा नॉइज त्याला त्रास देत होता. नॉइज काढायच्या नादात त्याला कळलं की पाहिजे ती माहिती नॉइजमध्येच आहे. सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर अवघड गेला तर हे आठवा.

असो. इकडं आबांचा प्रश्न सुटलेला नव्हता. ईसीजी चांगला, हृदयाची सोनोग्राफी चांगली, रक्ताच्या तपासण्या चांगल्या. पण गाठ पोटात तशीच आणि ती थांबणारी नव्हती. घरात दोन तट पडले. नाना म्हणत होते हैदराबादला नेऊ. मामा म्हणत होते ऑपरेशनच नको, आयुर्वेदिक बघू. आई काही बोलत नव्हती, नुसती आबांचे पाय चेपत बसायची. मी नेटवरून आकडे काढून आणले होते. १९९७ मध्ये छापलेल्या, फ्रान्समधल्या एका लाखावर रुग्णांच्या पाहणीत हृदय थांबल्याच्या बत्तीस घटना होत्या, त्यातल्या सव्वीस कण्यातल्या सुईच्या म्हणजे स्पायनलच्या, एपिड्युरलच्या त्या मानानं फार थोड्या. आबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बत्तीस घरात जाऊन इचारलं का कुनी?" यावर मला काही बोलता आलं नाही.

निर्णय शेवटी त्यांनीच दिला. "ज्या बाईनं बंद पडलेलं इंजन चालू केलं, तिलाच त्याची खोड कळलीय. दुसरीकडं कामून न्यायचं?"

अकरा दिवसांनी पुन्हा थिएटर. या वेळी आदल्या संध्याकाळपासूनच सलाईन. जागेपणीच मनगटातल्या धमनीत सुई, म्हणजे बीपी दर ठोक्याला दिसणार. रक्तवाहिन्या आवळणारं औषध पंपावर तयार, ॲट्रोपिन आणि ॲड्रिनलीन भरून ठेवलेल्या. पाठीतली नळी जागेपणी बसवली, पण तिच्यात मोठा डोस नाही. आधी हळूहळू झोपवलं, बीपी स्थिर झाला, मग नळीतून तीन-तीन मिलिलिटर. ॲड्रिनलीनबद्दल मॅडम एक गोष्ट सांगायच्या. १९८८ मध्ये कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी, धडधाकट माणसांचं हृदय कण्यातल्या भुलीत अचानक थांबल्याच्या चौदा घटना तपासल्या. त्यातून निघालेला धडा असा की त्या अवस्थेत ॲड्रिनलीन लवकर द्यायला हवं, वाट बघत बसायचं नाही. पहिल्या वेळी आबांना ते लगेच मिळालं होतं.

मधे एकदा नाडी सेहेचाळीसवर आली. सर्जननं आतडं ओढून घेतलं होतं, त्यानंही व्हेगस ब्रेक दाबते. मॅडमनी हात सोडायला सांगितलं, ॲट्रोपिन दिलं, नाडी सत्तरवर आली, काम पुढं चाललं. हे आम्हाला बाहेर अर्थातच कळलं नाही. आम्ही चहाचे कप मोजत होतो. सव्वातीन तास लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पलंगावर बसून उशी पोटाशी धरून खोकत होते, आणि फिजिओथेरपीच्या पोरीला विचारत होते की तुझं गाव कोणतं.

घरी सोडताना मॅडमनी एक पत्र दिलं. आबांना भुलीत काय झालं, किती औषध दिलं होतं, नाडी कितीवर आली, दुसऱ्यांदा काय बदललं, पुढं कुठलंही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्यानं आधी हे वाचावं. आबांनी ते जिंतूरला नेऊन लॅमिनेट करून घेतलं आणि आधार कार्ड, बँकेचं पासबुक यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांची दाढ काढायची होती. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी पिशवी सोडली आणि पत्र डॉक्टरच्या हातात दिलं. दाताचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी ते दोन वेळा वाचलं, मॅडमना फोन केला, पाच मिनिटं बोलले, आबांचा बीपी घेतला आणि मग दाढ काढली.